मानेसरला अडवलेले जनरेटर

दोन हजार दोनच्या जानेवारीत दिल्लीत कुठेही चार माणसं जमली की बोलणं एकाच गोष्टीवर यायचं, युद्ध होणार की नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर लष्कर पश्चिम सीमेकडे सरकलं होतं आणि मालगाड्यांवर ताडपत्रीखाली झाकलेल्या तोफा जाताना लोक पुलावरून वाकून बघत होते. आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत एका घरी मात्र या विषयावर कुणी बोलत नसे. ते घर केळुसकरांचं. त्यांची एकुलती एक मुलगी कृतिका लष्करात कॅप्टन होती. ती भूल देणारी डॉक्टर, आणि तिची नेमणूक राजस्थानच्या सीमेजवळ, बाडमेरकडे, तंबूत उभारलेल्या एका इस्पितळात झाली होती. तिची आई वैजयंतीबाई संरक्षण खात्याच्या तपासणी कचेरीत होत्या. लष्करासाठी बनवलेले जनरेटर त्यांच्या सहीशिवाय कारखान्याबाहेर पडत नसत.

वैजयंतीबाई सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्या. वडील रत्नागिरीहून सचिवालयात कारकून म्हणून आलेले. बरोबरीच्या मुली बी.ए. करून बी.एड.ला जात होत्या तेव्हा ह्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेतला. शेजारच्या एका सरदारजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, शाळा सुटल्यावर तिथे बसून बसून ती गोडी लागली होती. तपासणी कचेरीत त्या रुजू झाल्या तेव्हा कारखान्यांतले लोक त्यांना चहा देऊन ऑफिसात बसवून ठेवायचे आणि सोबतच्या पुरुष सहकाऱ्याला मशीन दाखवायला न्यायचे. काही वर्षांनी हे थांबलं. बाई चहा न पिता सरळ मशीनपाशी जाऊन उभ्या राहतात हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

त्यांचं काम काय, हे मला नीट समजायला बराच वेळ लागला. आपल्याला वाटतं, लष्कर म्हणजे बंदुका आणि गाड्या. पण लष्कर जिथे तळ ठोकतं तिथे विजेचा खांब नसतो. वायरलेसच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, रडार फिरवायचं, नकाशावर उजेड पाडायचा, रक्ताच्या बाटल्या थंड ठेवायच्या, तर वीज बरोबर न्यावी लागते. डोंगरातल्या चौकीवर दोन माणसं उचलून नेतील असा छोटा पेट्रोलचा सेट असतो. मोठ्या तळावर डिझेलचे सेट चाकांच्या ट्रेलरवर बसवून ट्रकमागे ओढत नेतात. एक चालतो आणि दुसरा गार होत असतो. त्याचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून खड्डा खणून त्यात ठेवतात, भोवती वाळूच्या गोण्या रचतात. उंचावर हवा विरळ म्हणून इंजिनाचा दम कमी पडतो, वाळवंटात वाळू त्याच्या घशात जाते. हे सगळं सोसून तो सेट चालेल की नाही हे दिल्लीत बसून आधीच सांगायचं, हे बाईंचं काम.

पूर्वी असे सेट मोजक्या जुन्या कारखान्यांतून यायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. एक्याण्णवनंतर चित्र बदललं. गुडगावला टोलेजंग इमारती उठल्या, पण त्यांना पुरेल इतकी वीज कुठून आणणार? प्रत्येक तळघरात, प्रत्येक शोरूमच्या मागच्या गल्लीत जनरेटर धडधडू लागले. ते बनवणारे नवे कारखानदार तयार झाले. गुलशन सभरवाल त्यांच्यापैकी एक. लाजपत राय मार्केटमध्ये ट्रान्झिस्टर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेला माणूस, आता मानेसरच्या नव्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना होता. डिसेंबरात लष्कराला तंबूतल्या इस्पितळांसाठी ट्रेलरवरचे सेट तातडीनं हवे होते. सभरवालनं वेळेत देतो म्हणून शब्द दिला, आणि खरोखरच वेळेत बनवले. वैजयंतीबाई तपासणीसाठी गेल्या तेव्हा शेडमध्ये हिरव्या रंगाचे सेट ओळीनं उभे होते आणि बाहेर ट्रक थांबले होते.

तपासणीचे पहिले दिवस चांगले गेले. धुक्यातून जीप सकाळी उशिरा पोचायची, मग दिवसभर एकेक सेट पूर्ण लोडवर चालवून बघायचा. लोड म्हणून मोठ्या हीटर कॉइल लावलेल्या होत्या आणि त्यांच्यावर एका फळीवर बल्बांच्या रांगा. बल्बांची फळी ही बाईंची स्वतःची सवय. मीटरचा काटा खोटं बोलत नाही, पण तो एका वेळी एकाच माणसाला दिसतो, बल्ब शेडभर दिसतात, असं त्या म्हणायच्या.

त्या दुपारी एक सेट बराच वेळ चालून चांगला तापला होता. बाई दाराशी उभ्या होत्या. अचानक फळीवरचे सगळे बल्ब पांढरेफटक झाले. डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ, आणि पुन्हा होते तसे पिवळट. बाई धावत मीटरपाशी गेल्या. काटा जागेवर होता. ऑपरेटर पाठ करून चहा ओतत होता. सभरवाल मोबाइलवर बोलत होता. दोघांपैकी कुणीही काही पाहिलं नव्हतं.

बाईंनी तोच सेट अंधार पडेपर्यंत चालवला. लोड काढला, घातला, पुन्हा काढला. काहीही झालं नाही.

पण त्यांच्या मनात काय आलं ते सांगायला हवं, नाही तर पुढचं समजणार नाही. जनरेटरमधून वीज किती दाबानं बाहेर पडते याच्यावर एक छोटा रेग्युलेटर नजर ठेवून असतो. त्याला खबर मिळते एका बारीक तारेतून. ती तार क्षणभर जरी सुटली तरी रेग्युलेटरला वाटतं की दाब पडला, आणि तो जोर लावून दाब वाढवत सुटतो. दिवे नुसते जात नाहीत, ते फुटतात. दिव्यांबरोबर पेशंटच्या उशाशी असलेली यंत्रंही जळतात. बत्ती गेली तर माणूस टॉर्च लावतो. पण जळालेल्या यंत्राला काय करणार?

सभरवालला त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, आपने बस एक बार बल्बों को चमकते देखा. मैं आपकी ली हुई सारी रीडिंग दिखा सकता हूँ, सब ठीक हैं.” त्यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी वरिष्ठांना फोन केला. कर्नल थपलियाल त्यांच्या कचेरीचे प्रमुख. माणूस सरळ, बोलणं कमी. त्यांनी विचारलं, लिहून ठेवता येईल असा काही आकडा आहे का. बाई म्हणाल्या, नाही. दुसऱ्या कुणी पाहिलं का. नाही. मग कर्नलनी सांगितलं की ट्रक आज रात्रीच निघायचे होते, आता निदान परवा सकाळी निघायलाच हवेत, तिकडे जुने सेट मरायला टेकले आहेत. तोपर्यंत काही सापडलं तर ठीक. नाही तर बाईंनी आपला आक्षेप लिहावा आणि त्याच्याखाली ते स्वतः मंजुरीची सही करतील.

घरी आल्या तेव्हा श्यामकांतराव फोनपाशीच बसले होते. बाईंचे यजमान एका वृत्तसंस्थेत भाषांतराचं काम करायचे, स्वभावानं इतके मऊ की सोसायटीच्या सभेत त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. कृतिकाचा फोन येऊन गेला होता. जवळच्या गावातल्या एसटीडी बूथवरून, घाईघाईत. बरी आहे म्हणाली. थंडी फार आहे. सुरुंग पेरताना जखमी झालेली मुलं रोज येतात. आणि जनरेटर सारखा बंद पडतो, नवे येणार म्हणून ऐकतोय, आईला विचारा ना कधी येणार.

“मग काय सांगायचं तिला?” श्यामकांतरावांनी विचारलं.

बाईंनी त्यांना मानेसरची सगळी हकिकत सांगितली. कामाचं घरी बोलायची त्यांची रीत नव्हती, पण त्या दिवशी सांगितलं. श्यामकांतराव ऐकत राहिले.

“तुला नक्की दिसलं?”

“दिसलं.”

“पण एकदाच.”

“एकदाच.”

“वैजू, तिच्याकडे आज अंधार आहे. तू म्हणतेस तो धोका कदाचित आहे, कदाचित नाही. अंधार तर आहेच ना?”

नंतर त्या मला म्हणाल्या होत्या की सगळ्या नोकरीत त्यांना इतका बिनतोड प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो विचारणारा नेमका घरातलाच निघाला.

सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर निघाल्या. धुकं इतकं होतं की जीपचा ड्रायव्हर काच खाली करून, डोकं बाहेर काढून चालवत होता. गुडगाव ओलांडल्यावर रस्ता खराब सुरू झाला. नव्या सेक्टरांसाठी सगळीकडे खणून ठेवलेलं, खडी पसरलेली, मध्येच गटाराचे पाइप. जीप दणादण आपटत होती. त्या दणक्यांत बाईंच्या लक्षात आलं की शेडमधला सेट गुळगुळीत फरशीवर उभा असतो. तिकडे तो ट्रकमागे शेकडो मैल आपटत जाणार. सैल तार फरशीवर टिकेल आणि वाटेत निसटेल.

कारखान्यात पोचताच त्यांनी सभरवालला सांगितलं, सेट बाहेर काढायचे. चालू ठेवून, लोडसकट, ट्रकमागे जोडून ह्या खणलेल्या रस्त्यांवरून फिरवायचे. सभरवालनं हे करारात कुठेच नाही म्हणून साफ नकार दिला. त्याचं म्हणणं असं की असे दणके देऊन तुम्ही चांगला माल मोडाल आणि मग म्हणाल माल वाईट होता. बाईंनी कर्नलना फोन लावला. कर्नलनी लष्कराचा एक ट्रक आणि ड्रायव्हर पाठवला आणि सभरवालला इतकंच कळवलं की मोडलं तर जबाबदारी आमची.

मग ती विचित्र वरात सुरू झाली. पुढे ट्रक, मागे ट्रेलरवर धडधडणारा जनरेटर, ट्रकच्या हौद्यात तापलेल्या हीटर कॉइल आणि बल्बांची फळी, आणि फळीसमोर लाकडी खोक्यावर शाल गुंडाळून बसलेल्या वैजयंतीबाई. दोन्ही बाजूंना अर्धवट उठलेल्या इमारती. बांधकामावरच्या बायका डोक्यावरची घमेली खाली ठेवून बघत होत्या, भर दिवसा दिवे लावून ही बाई कुठे चालली म्हणून. एक सेट फिरून आला की तो सोडायचा, दुसरा जोडायचा. बल्ब पिवळे ते पिवळेच. दणका बसला की बाईंचा जीव वर यायचा, फळीकडे बघताना पापणी मिटायची नाही, डोळ्यांत धूळ जायची. काही होत नव्हतं.

त्या दिवशी काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ट्रक निघायच्या दिवशी, सकाळी कर्नल थपलियालांचा फोन कारखान्याच्या ऑफिसात आला. सभरवालनं रिसीव्हर बाईंच्या हातात दिला. कर्नलना बोलायला जड जात होतं. आदल्या संध्याकाळी एका इस्पितळात ऑपरेशन चालू असताना जुना जनरेटर बंद पडला होता. सुरुंगानं जखमी झालेला जवान टेबलावर होता. तो वाचला, पण त्याचं नुकसान झालं. कुठलं इस्पितळ ते त्यांनी सांगितलं. बाईंना ते नाव ठाऊक होतं. घरातल्या कॅलेंडरवर श्यामकांतरावांनी कृतिकाचा पत्ता म्हणून तेच लिहून ठेवलं होतं.

“मी आता सही करतो,” कर्नल म्हणाले. “तुमचा आक्षेप लिहून द्या. तुमच्यावर काही येणार नाही.”

पुढे बाई काय बोलल्या ते त्यांना नंतरही नीट आठवत नव्हतं, सभरवालला आठवत होतं. त्या म्हणाल्या, “सर, जे सेट रस्त्यावरून फिरून आलेत त्यांच्यावर मी स्वतः सही करते. ते आत्ता न्या. उरलेल्यांना संध्याकाळपर्यंत वेळ द्या.”

कर्नलनी मान्य केलं. फिरून आलेले सेट ट्रकांना जोडायला सुरुवात झाली. बाईंनी सह्या केल्या आणि लगेच बाहेर पडल्या. आपण बरोबर केलं की नुसती वाटणी करून सुटका करून घेतली, हे त्यांना कळत नव्हतं. मुलीच्या टेबलावर काय झालं असेल ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तरी पुढचा सेट त्यांनी जोडायला लावला आणि खोक्यावर जाऊन बसल्या.

तो सेट रस्ताभर शहाण्यासारखा वागला. परत येताना कारखान्याच्या फाटकाशी नाल्यावर टाकलेल्या लोखंडी जाळीवरून ट्रेलरचं चाक गेलं, आणि फळी पेटल्यासारखी झाली. बल्ब पांढरे झाले, त्यातले दोन टाळी वाजल्यासारखे फुटले, काचा बाईंच्या शालीवर पडल्या. ह्या वेळी ट्रकमागून चालत येणाऱ्या ऑपरेटरनं पाहिलं, फाटकावरच्या चौकीदारानं पाहिलं, आणि ऑफिसच्या पायरीवर उभ्या असलेल्या सभरवालनं पाहिलं.

बाईंनी इंजिन बंद करायला लावलं आणि पॅनेल उघडलं. रेग्युलेटरकडे जाणाऱ्या त्या बारीक तारेच्या टोकाला, ती स्क्रूखाली पक्की बसावी म्हणून दाबून बसवलेली पितळी टोपी, म्हणजे थिंबल होतं. त्यांनी चिमटीत धरून हलकेच ओढलं. थिंबल हातात आलं, तार मागे राहिली.

सभरवाल शेजारी येऊन उभा राहिला होता. त्यानं थिंबल घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि ते कुठून आलं ते त्याच्या लक्षात आलं. घाईत काम उरकावं म्हणून ही तारांची टोकं त्यानं बाहेरच्या एका छोट्या वर्कशॉपकडून करून घेतली होती. तिथे कुणीतरी मापाचं हत्यार न वापरता साध्या पकडीनं दाबून भागवलं होतं. थंड असताना टोक धरून राहायचं, मशीन तापलं की सैल व्हायचं. सगळीच वाईट नव्हती. कुठली वाईट हे नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

“ट्रक,” बाई म्हणाल्या.

सगळेच फाटकाकडे पळाले. ट्रक अजून निघाले नव्हते, पहिल्याचं इंजिन सुरू होतं. बाईंनी त्याच्यापुढे उभं राहून हात वर केले. ज्या सेटांवर त्यांनी तासाभरापूर्वी सही केली होती त्यांची पॅनेलं उघडली, आणि त्यांतल्या दोघांची थिंबलं ओढताच निघून आली. रस्त्यावरचे सगळे दणके खाऊनही त्या दोन सेटांनी काही दाखवलं नव्हतं.

हे सांगताना वैजयंतीबाईंचा आवाज नेहमी खाली जायचा. लोक त्यांचं कौतुक करायचे की बाईंनी दोष पकडला. त्यांना स्वतःला त्या दोन सह्या आठवायच्या.

त्यानंतर मात्र कुणी वाद घातला नाही. सभरवालनं कोट काढून खुर्चीवर टाकला, कामगारांना बोलावलं आणि स्वतः सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन बसला. प्रत्येक सेटची प्रत्येक तार काढून नव्यानं जोडली गेली, वर सोल्डर दिलं गेलं. ट्रान्झिस्टरच्या दिवसांतला त्याचा हात अजून गेला नव्हता. बाई एकेक टोक ओढून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडता पडता ट्रक निघाले. थपलियाल स्वतः आले होते. ट्रक दिसेनासे होईपर्यंत ते बाईंच्या शेजारी उभे राहिले.

ही हकिकत इथे संपली असती तर बाईंनी ती मला कदाचित सांगितलीही नसती.

मार्चमध्ये कृतिका रजेवर आली. रापलेली, खूप बारीक झालेली. आल्या आल्या झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठली. वरणभात खाताना तिनं आपण होऊन त्या संध्याकाळचं सांगायला सुरुवात केली. ज्ञानोबा नावाचा जवान होता, साताऱ्याकडचा. सर्जन मेजरनी गुडघ्याखालून पाय काढायचं ठरवलं होतं, गुडघा वाचणार होता. निम्म्यात दिवे गेले, रक्त ओढून घेणारं यंत्र बंद पडलं, जखम रक्तानं भरली. कृतिका टॉर्च तोंडात धरून हातानं पिशवी दाबत त्याचा श्वास चालवत होती. कुणीतरी जीपचे हेडलाइट तंबूकडे वळवले, पण त्यात मेजरना आतलं काही दिसेना. जीव वाचवायचा तर थांबून चालणार नव्हतं. त्यांनी पाय गुडघ्याच्या वरून कापला.

“नवे सेट कुठे तरी इन्स्पेक्शनमध्ये अडकले होते म्हणे,” कृतिका म्हणाली. “आम्ही सगळ्यांनी मिळून त्या इन्स्पेक्टरला किती शिव्या दिल्या असतील, यार.”

श्यामकांतरावांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी आधी ताटातला घास संपवला.

“मीच अडवले होते,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं, तारेचं, रस्त्याचं, फुटलेल्या बल्बांचं, त्या दोन सह्यांचंही. कृतिका खाली बघून ऐकत होती. बोलणं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

“बाबांनी माझा निरोप दिला होता ना तुला? नवे कधी येणार म्हणून विचारलं होतं मी.”

“दिला होता.”

कृतिका उठली, हात धुतले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दोन दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. श्यामकांतराव दोघींच्या मध्ये नुसते येरझारा घालत होते. त्यांनी एकदा लेकीला समजावायचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली की आईचं चुकलं असं मी म्हणतच नाहीये, बाबा, मला फक्त तो पाय दिसतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली आणि आईला म्हणाली, चल. ज्ञानोबाला दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या लष्करी इस्पितळात हलवलं होतं, तिला त्याला बघायला जायचं होतं.

ज्ञानोबा व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत उन्हाला बसला होता. पोरगेला चेहरा, नुकती मिसरूड फुटल्यासारखा. मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून तो खुलला. डॉक्टर मॅडमनी माझा श्वास हातानं चालवला होता, असं त्यानं बाईंना सांगितलं. पुढच्या महिन्यात पुण्याला जायचंय, तिथे कृत्रिम पाय बसवतात. गुडघा असता तर पाय लवकर बसला असता, चालणं सोपं गेलं असतं, असं इथले डॉक्टर म्हणतात. तो हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगत होता.

बाईंना पुढचं बोलायचं काही कारण नव्हतं. कृतिकानंही त्यांना सांगायला लावलं नव्हतं. पण त्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि साध्या शब्दांत सांगितलं की त्या दिवशी तुझ्या इस्पितळासाठी नवा जनरेटर तयार होता, आणि मी तो सोडला नव्हता. का सोडला नाही तेही सांगितलं.

ज्ञानोबानं खुर्चीचं चाक थोडं फिरवून तोंड समोरच्या बागेकडे केलं. मग म्हणाला, “आता ते चालतात का?”

“चालतात,” उत्तर कृतिकानं दिलं. “मी येईपर्यंत एकदाही बंद नव्हते पडले.”

“मग बरं झालं,” तो म्हणाला. “पण खरं सांगू का बाई, गुडघा राहिला असता तर लई बरं झालं असतं.”

“हो,” बाई म्हणाल्या. “राहायला हवा होता.”

त्यांनी माफी मागितली नाही, आणि ज्ञानोबानं दिलीही नाही. तो पुण्याला जाईपर्यंत बाई दर रविवारी त्याच्याकडे जात राहिल्या. कधी डिंकाचे लाडू, कधी त्याला हवं असलेलं मोठ्या डायलचं घड्याळ, कधी नुसत्या गप्पा. त्याच्या आईशी फोनवर बोलायचं असलं की तो बाईंनाही दोन शब्द बोलायला लावायचा. पुढे त्याला साताऱ्याला एका सरकारी कचेरीत नोकरी मिळाली. त्याच्या लग्नाला केळुसकर मंडळी गेली होती.

पण ते नंतरचं. त्या दिवशी व्हरांड्यातून निघताना कृतिकानं आईचा हात धरला तो फाटकापर्यंत सोडला नाही. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, “ती तार नेमकी कुठे असते, दाखवशील मला? तिकडे सेटला काही झालं की आम्ही मेकॅनिकची वाट बघत बसतो. मला पॅनेल उघडता आलं पाहिजे.”

बाईंच्या कचेरीच्या आवारात जुने सेट शिकवण्यासाठी ठेवलेले असत. रजेचा शेवटचा दिवस मायलेकींनी तिथे घालवला. कसं सुरू करायचं, आवाजावरून काय ओळखायचं, गरम असताना कुठे हात लावायचा नाही, चालणाऱ्या सेटवरून दुसऱ्या सेटवर दिवे न विझवता कसं जायचं, सगळं बाईंनी शिकवलं. कृतिकाकडून दोनदा चुकलं, तेव्हा बाई तिच्यावर ओरडल्या, लहानपणी गणितावरून ओरडायच्या तशा. दुपारी श्यामकांतराव डबा घेऊन आले तर दोघींचे हात कोपरापर्यंत काळे, आणि डबा उघडायला कुणाचाच हात मोकळा नाही. त्यांनीच मग दोघींना घास भरवले. रात्रीच्या गाडीनं कृतिका बाडमेरला परत गेली.